लुगड्याचा कडता

माझ्या बायकोच्या पोटाचा घेर बेचाळीस इंच होता. खरा आकडा एवढाच. त्यानंतरचे जे आकडे मी आठवड्यामागून आठवडे डॉक्टरांना लिहून दिले, ते दुकानात बसून मनानं ठरवलेले होते. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नाही. एकदा सांगायचं ठरवलं होतं, तेव्हा सांगता आली नाही.

मी सणसरचा. आमचं रान पाटाच्या पार शेपटीला, तिथवर पाणी यायचं ते कागदावर. वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन मी बारामतीच्या पेठेत चालत यायचो आणि अडत्याच्या ओट्याखाली उभा राहून तो सांगेल तो भाव ऐकायचो. पंधरा वर्षांनी त्याच पेठेत माझी स्वतःची अडत होती. कांदा, केळी, वांगी, जे येईल ते. कुणी हात धरून वर आणलं नाही. जे मिळवलं ते तोंडाच्या जोरावर, आणि माझं तोंड फार होतं. भाव बोलताना आवाज चढला की समोरचा निम्मा हरतो हे मला लवकर कळलं होतं.

आमच्या धंद्यात कडता म्हणून एक प्रकार असतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की भरलेल्या वजनातून काहीतरी वजा धरायचं. पोत्याचं बारदान, कांद्याला चिकटलेली माती, पाल्याची ओल, असं काहीबाही. किती धरायचं ते कुठं लिहिलेलं नसतं. अडत्या बोलेल तो कडता. माझा कडता जळोचीपासून भवानीनगरपर्यंत बदनाम होता आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

साल पंचावन्न किंवा छप्पन्न असेल. नवे पैसे अजून आलेले नव्हते. बायकोला तहान फार लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि पुन्हा घसा कोरडा. आई म्हणाली उष्णता झालीय, सब्जा भिजवून दे. मग पाठीवर एक गळू झालं ते महिना झाला तरी भरेना, तेव्हा मी तिला पेठेतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होते. मुंबईत शिकलेले, आणि तिथं काही दिवस विम्याच्या गिऱ्हाइकांची तपासणी करायचं काम केलेले. त्यामुळं शिंप्याच्या गळ्यात असते तशी टेप त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असायची. त्यांनी तिची लघवी निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी भाजलेल्या विटेचा रंग आला. मी मालाचा रंग बघून भाव सांगणारा माणूस. काही न सांगताही मला कळलं की हे वाईट आहे.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "लघवीतनं साखर जातेय."

मग त्यांनी बायकोला आत पाठवलं. आत त्यांची पत्नी होती, तिनं टेप घेऊन माप घेतलं आणि दारातनं सांगितलं, बेचाळीस.

"वजन न्हाय करायचं?" मी विचारलं. "काटा हाय आमच्याकडं. पोती तोलायचा."

"वजनानं सगळं कळत नाही. चरबी कुठं साठलीय ते बघायचं. दंडावर, मांडीवर असली तर एक वेळ चालून जाते. पोटावरची वाईट. छाती फुगवून जेवढी भरते त्याहून पोट जास्त भरलं की विमेवाले हात आखडता घेतात, ते उगाच नाही."

माप दर आठवड्याला घ्यायचं होतं. सकाळी, पोट रिकामं असताना, टेप नाभीवरनं, उघड्या अंगावर. कसं ते माझ्यावरच दाखवतो म्हणाले. मी सदरा वर केला. टेप लागली तसं माझं पोट आपोआप आत गेलं. मुद्दाम केलं नाही. माप घेणारा दिसला की अंग चोरायची सवय असते.

"श्वास सोडा," डॉक्टर म्हणाले. मी सोडला, पण पोट आतच ठेवलं. ते हसले. "शेठ, तागडीवर बोट नका ठेवू."

बाकावर चार माणसं बसली होती. त्यांतला एकजण जळोचीचा, माझ्याकडं कांदा घालणारा. तो शेजारच्याला म्हणाला, "हितं तरी काटा दुसऱ्याचा हाय." सगळे हसले. डॉक्टरही.

ते हसणं मी घरापर्यंत घेऊन आलो. पुढं जे केलं त्याची सगळी फोड त्या हसण्यानं होत नाही. पण त्या डॉक्टरांशी सरळ वागायचं नाही, एवढं माझ्या मनानं तिथंच ठरवलं.

निघताना त्यांनी खाण्यापिण्याचा कागद दिला. गूळ, साखर, भात बंद. दर गुरुवारी मापाची चिठ्ठी आणि लघवीची बाटली आणून द्यायची. "पोट उतरलं आणि साखर उतरली तर सुई लागायची नाही," ते म्हणाले.

त्यांच्या वाक्यातलं बायकोनं सुई एवढंच ऐकलं. इंदापूरला तिच्या मावशीला शेवटच्या आजारात सुई टोचली होती आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून सुई म्हणजे मरण असं तिच्या डोक्यात बसलेलं. रस्त्यानं ती माझ्या मागून चालत होती. गर्दी मागं पडल्यावर हळूच म्हणाली, "अवं, काय बी करा, पर सुई नको. मी गूळ सोडंन, भात सोडंन. सुई न्हाय घ्यायची मी."

"मी बसलोय न्हवं," मी म्हणालो. "सुईला घरात पाय ठेवू देत न्हाय."

मी शब्द दिला आणि तो पाळायची मला एकच रीत ठाऊक होती.

आमचं घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आईची बाज, मागं चूल आणि धान्याच्या कणग्या. पहिल्या गुरुवारी सकाळी पोरं बाहेर पडल्यावर मी शिंप्याकडनं आणलेली टेप घेतली आणि आम्ही दोघं कणगीच्या आड उभे राहिलो. बायकोनं लुगडं सैल केलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पाच बाळंतपणं झाली होती, पण दिवसाउजेडी तिचं पोट मी कधी पाहिलं नव्हतं. तिनंही कधी दाखवलं नव्हतं. कातडीवर पांढऱ्या रेघा होत्या, पालीच्या पोटासारख्या फिक्या. चार माणसांत मी "आमच्या कारभारणीचं पोट म्हंजे भरलेलं पोतं" असं बोलून हशा मिळवत आलो होतो. तेच पोट समोर आलं तेव्हा मला बघवेना. मी टेप धरून भिंतीकडं बघत उभा राहिलो.

"काय मोजताय रं?" बाजेवरनं आईनं विचारलं.

"काय न्हाय."

"काय न्हाय तर आडोशाला कशाला?"

बायकोनं झटकन लुगडं आवळलं. तिचे कान लाल झाले होते. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वरनंच घ्या असं."

मी लुगड्यावरनं टेप फिरवली. सेहेचाळीस भरले. नऊवारीचे वेढे, निऱ्या, ओचा, सगळं धरून. आता ह्यातनं लुगडं वजा करायला हवं. किती? मला जे येत होतं तेच मी केलं. पोत्याचं बारदान धरतात तसं लुगड्याचं बारदान धरलं. साडेचार इंच कडता. उरले साडेएकेचाळीस. पहिल्याच आठवड्यात अर्धा इंच उतरलं. चिठ्ठीवर आकडा लिहिताना मला बरं वाटलं, खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. रोज तेच तर करत होतो.

दुसऱ्या आठवड्यात टेप खुंटीवरनं काढलीच नाही. बायकोनं विचारलं, "माप?"

"अंदाज हाय मला," मी म्हणालो. "नजरंनं कांद्याचा ढीग सांगतो मी, तुझं काय."

ती हसली. तिलाही सुटल्यासारखं झालं असावं. दर गुरुवारी मी भाजीच्या पिशवीत पाल्याखाली बाटली लपवून दवाखान्यात जायचो आणि चिठ्ठी द्यायचो. एक्केचाळीस. साडेचाळीस. चाळीस. एकदम फार खाली जायचं नाही, थोडं थोडं जायचं, म्हणजे समोरच्याला खरं वाटतं.

बाटली मात्र खरी होती. नळी दर वेळी विटेच्या रंगावरच येऊन थांबायची. डॉक्टर चिठ्ठी बघायचे, नळी बघायचे आणि पुन्हा चिठ्ठी बघायचे. एकदा म्हणाले, "भूक कशी आहे?" मी म्हणालो, झकास. "थकवा?" मी म्हणालो, बायामाणसं थकायचीच. ते म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या." मी आणतो म्हणालो. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा आणतो म्हणालो. आणली असती तर आत माप झालं असतं.

सहाव्या चिठ्ठीवर साडेअडतीस होते. डॉक्टरांनी नळी स्टँडला लावली आणि म्हणाले, "सुई सुरू करावी लागेल."

माझं डोकं सणकलं. "का म्हणून? पोट उतरलं तर सुई न्हाय, तुमीच बोललाय. साडेतीन इंच उतरलं की."

"साखर उतरली असती तर गोष्ट वेगळी. साखर जागच्या जागी आणि अंग मात्र झडत चाललंय. त्यांचं शरीर स्वतःलाच खातंय, शेठ. असला मधुमेह पथ्यानं ऐकत नाही. आता थांबून चालणार नाही."

उभ्या आयुष्यात मी हजारो सौदे केले. समोरच्याला आकडा वर हवा की खाली, हेच न कळता बोली केलेली ही एकच वेळ. पहिल्या दिवशी त्यांनी नीट फोड करून सांगितलं असतं, की नुसतं पोट उतरून भागत नाही, साखर तशीच राहून उतरलं तर ते वाईट, तर मी कशाला तसं केलं असतं? ह्या गोष्टीचा माझा डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही. तो बरोबर आहे असंच मला वाटतं.

पण त्या दिवशी तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं. डॉक्टरसाहेब, माप मी घेतलेलंच नाही, एवढंच बोलायचं होतं. बाकावर माणसं होती. त्यांत जळोचीचा तो नव्हता, पण त्याच्यासारखी होती. मी पिशवी उचलली आणि घरी आलो.

बायको चुलीपुढं होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "सुई घ्यावी लागतीया."

तिनं काटवटीतलं पीठ मळायचं थांबवलं. मग म्हणाली, "लई वाढलंय का?"

"डाक्टर म्हंतो."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. मी दिलेल्या शब्दाची तिनं आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कंपाउंडर यायचा. तो पाण्यात सुई उकळायचा तेव्हा ती मधल्या मेढीला धरून उभी राहायची. दंड पुढं करायची आणि डोळे मिटायची. सुई निघाली तरी डोळे उघडायची नाही, कंपाउंडरनं "झालं, वहिनी" म्हटल्यावर उघडायची. तेव्हा मी दुकानात निघून जायला लागलो. एकदा तिनं विचारलं, "पोट उतरलंय म्हंता, पर मला तर हाय तेवढंच वाटतंय."

"तुला काय कळतंय?" मी खेकसलो. "डाक्टरपरीस तू शानी?"

शहाणी तीच होती.

मी तरीही थांबलो नाही. घसरलेला भाव एकाच आठवड्यात वर नेला तर बाजार विचारतो, असं कसं? तसंच डॉक्टर विचारतील म्हणून मी चिठ्ठ्या उतरवतच राहिलो. साडेसदतीस. सदतीस. छत्तीस. प्रत्येक चिठ्ठी बघून डॉक्टरांचा चेहरा काळजीत पडायचा. दोनदा त्यांनी सुईतलं औषध वाढवलं. निदान एका जागी थांबायचं, तेवढीही अक्कल मला राहिली नव्हती.

मग इंदापूरला तिच्या भावाच्या मुलीचं बारसं आलं. भाऊ तिथं शाळेत मास्तर होता. तिच्याहून धाकटा, पण शिकलेला म्हणून घरात त्याचा शब्द मोठा. बायको एकुलती एक आत्या, त्यामुळं बाळाच्या कानात नाव तिनंच सांगायचं होतं. सकाळी सुई घेतली, घाईत अर्धी भाकरी खाल्ली आणि आम्ही यष्टीत बसलो.

भवानीनगरच्या अलीकडं गाडी बंद पडली. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या शेजारून जात होत्या आणि आम्ही लिंबाखाली बसलो होतो. तासाभरानं बायको म्हणाली, "जीव कसनुसा होतोय."

"पोचल्यावर जेवशील की. दम काढ."

इंदापुरात पोचलो तर पाळणा सजवून सगळ्या बाया आत्याची वाट बघत बसलेल्या. जेवणं बारशानंतर. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, हाताला धरून थेट पाळण्यापाशी नेलं. मी ओसरीवर पाव्हण्यांत बसलो होतो, तिथनं आतलं दिसत होतं. ती वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगायच्या ऐवजी हसायला लागली. बाया आधी हसल्या. मग ती म्हणाली, "वांगी भिजली सगळी," आणि पुन्हा हसली. चोळी घामानं चिंब झाली होती. हात थरथरत होते.

"अंगात आलंया," कुणीतरी म्हणालं. एकीनं कुंकवाचा करंडा आणून तिचं कपाळ भरलं. दुसरी पाया पडली. माझी सासू मात्र घाबरली होती. तिनं वाटीत साखर आणली आणि लेकीच्या तोंडाला चिमूट लावायला गेली. ते दिसताच मी ओसरीवरनं उडी मारून आत गेलो आणि सासूच्या हातावर फटका मारला. वाटी भिंतीपर्यंत गेली.

"साखर बंद हाय तिची," मी ओरडलो. "मारायची हाय का?"

बायको तिथंच खाली बसली आणि आडवी झाली. डोळे उघडे होते, पण ती कुणाकडं बघत नव्हती.

मास्तर सायकल घेऊन दवाखान्यात गेला आणि तिथल्या नर्सबाईंना मागं बसवून घेऊन आला. बाई पन्नाशीच्या होत्या. बसताबसताच त्यांनी विचारलं, "सुई घेतात का? आज घेतली? जेवल्या का?" मी एकेकाचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "सुई घेऊन पोट उपाशी, अंगातली साखर पार उतरलीय. साखर आणा. पाण्यात कालवून आणा. लवकर."

सासूनं भिंतीपाशी सांडलेली साखर दोन्ही हातांनी गोळा केली. चमच्या चमच्यानं पाणी आत गेलं. पाळण्यातलं बाळ रडत होतं, तेवढाच आवाज होता. थोड्या वेळानं बायकोनं डोळे हलवले आणि विचारलं, "नाव सांगायचं ऱ्हायलं का?"

सासू माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटलेली होती.

नर्सबाई संध्याकाळपर्यंत थांबल्या. मास्तरनं त्यांना आपल्या आक्काचा आजार सांगितला, अंग झडतंय, पोट सहा इंच उतरलंय, म्हणून सुई वाढवत नेलीय. बाईंनी बायकोकडं नीट पाहिलं. "झडतंय कुठं? बाई चांगली भरलेली आहे," त्या म्हणाल्या. आम्हाला बाहेर काढून त्यांनी माप घेतलं. साडेएकेचाळीस.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंची चिठ्ठी घेऊन आम्ही तिघं बारामतीला डॉक्टरांकडं गेलो. मास्तर बरोबर येणारच म्हणाला. डॉक्टरांनी बायकोला आत पाठवून पुन्हा माप घ्यायला लावलं. पुन्हा साडेएकेचाळीस. मग त्यांनी खणातनं माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर एकापुढं एक मांडल्या. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"हे आकडे कुठून आणले?" त्यांनी विचारलं. "पोट एवढंच होतं तर सुईची गरजच नव्हती. काल ह्यांचा जीव गेला असता."

मास्तर माझ्याकडं वळला. "दाजी?"

हे लिहिताना आजही हात थांबतो. दोघंही माझ्याकडं बघत होते, बाकावरची माणसं कान देऊन होती, आणि मला राग आला. चूक सापडली की मला आधी रागच येतो. मी बायकोकडं बोट केलं.

"हिला विचारा," मी म्हणालो. "नीट उभी ऱ्हाती का माप द्यायला? लुगडं सोडत न्हाय, पोट आत वढून घेती. मी जे भरलं ते लिव्हलं."

पोट आत ओढणारा कोण, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ते चिठ्ठ्या गोळा करायला लागले. मास्तरनं बहिणीला विचारलं, "खरं का, आक्का?"

तिनं पदर सारखा केला. खाली बघत म्हणाली, "व्हय. लाज वाटायची मला. मीच अंग चोरायची."

मास्तर तिला तिथंच बोलला. जीव महत्त्वाचा का लाज, डॉक्टरांना फसवून कुणाचं भलं होतं, शिकली नाहीस पण एवढं तरी कळायला हवं होतं. वर्गात बोलतात तसा बोलला. ती ऐकून घेत होती. मी खिडकीतनं रस्त्यावरचा टांगा बघत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, मग साखर का उतरत नाही, खाता काय? तेव्हा निघालं की दुकानातली काळी पडलेली, विकायची राहिलेली केळी ती रोज दुपारी खात होती. भाकरी कमी केलेली, पोटात कालवायचं, आणि माल वाया गेला की मी घर डोक्यावर घ्यायचो. कागदावर गूळ, साखर, भात लिहिलं होतं. केळी लिहिली नव्हती. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिली. सुई त्या दिवसापासून थांबली. तिला केळी देऊ नका म्हणून त्यांनी मला बजावलं आणि पुढच्या वेळेपासून ह्यांच्याबरोबर तुम्ही येऊ नका, भावाला पाठवा, असंही म्हणाले.

मास्तर महिन्यातनं दोनदा इंदापूरहून यायचा आणि तिला दवाखान्यात घेऊन जायचा. दोन-तीन महिन्यांत नळी हिरव्यावर थांबायला लागली, मग निळीच राहू लागली. पोट हळूहळू एकोणचाळीसवर आलं. तेवढंच आलं. पुन्हा तिला सुई लागली नाही.

त्या दिवसाबद्दल ती घरात एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. मला भांडता येतं. न बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे मला कधी शिकायला मिळालं नाही. मग मी मास्तरवर डूख धरला. माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला शहाणपण शिकवतो, असं चारचौघांत बोलायला लागलो. वर्षभर त्याच्या दारात पाय ठेवला नाही.

पुढच्या भाऊबीजेला बायको म्हणाली, "चला की. मुलगी आता चालायला लागलीया." गेलो. ओवाळून झालं, पंगत बसली. मास्तर वाढताना बहिणीला म्हणाला, "आक्का, आता तरी डॉक्टरांना खरं सांगतीस ना? पुन्हा लाजायचं न्हाय." बाकीचे हसले. ती म्हणाली, "सांगते की, बाबा." सासूही म्हणाली, "तवा काय झालंतं हिला कुणास ठावं." सगळ्यांच्या बोलण्यात ती गोष्ट आता आक्काच्या येडेपणाची होऊन बसली होती.

परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "मी मास्तरला सांगणार हाय."

"काय?"

"माप मीच खोटं लिव्हलं ते."

ती खिडकीबाहेर बघत होती. सणसरचा फाटा मागं गेला. मग म्हणाली, "त्या दिशी बोलला असता तर मी तुमच्याकडंच उभी ऱ्हायली असते. आता बोलू नका."

"का?"

"मी त्याच्याम्होरं व्हय म्हटलंय. तुमी आता खरं बोललात की मी खोटी पडते. आईम्होरं, भावाम्होरं. तुमच्या जिवाला हलकं वाटावं म्हणून मला खोटी पाडणार का?"

ती रागानं बोलली नाही. एखादा भाव विचारावा तसं विचारलं. मी कबूल केलं, नाही बोलत. तो सौदा मी मोडला नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं दर भाऊबीजेला मास्तर तेच विचारत राहिला, ती तेच उत्तर देत राहिली, आणि मी तिच्या शेजारच्या पाटावर बसून जेवत राहिलो.

आता सासू नाही, मास्तर नाही. तीही चार वर्षांपूर्वी गेली, म्हातारपणानं. म्हणून लिहितो आहे. तिला विचारलं असतं तर ती आजही नकोच म्हणाली असती.